सन्मान सरकारजमा होतो का?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात, गुन्हेगार जमाती कायद्यातून सुटलेल्या 'विमुक्त' जमातींच्या दिनानिमित्त, आपल्या दैनिकात जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात असे एक वाक्य होते की, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी सरकारने गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या जमातींना माणूस म्हणून जगण्याची प्रतिष्ठा बहाल केली. लेखकाच्या हेतूविषयी मला शंका नाही आणि लेखातील तपशीलही बहुतांशी बिनचूक आहे. तरीही 'बहाल केली' या दोन शब्दांपाशी मी अडखळलो. ज्याने तालुक्याच्या कचेरीत तीस वर्षांहून अधिक काळ कारकुनी केली, त्याला 'बहाल' हा शब्द चांगला ठाऊक असतो. वतन बहाल होत असे, इनाम बहाल होत असे, निलंबित तलाठी चौकशीअंती पुन्हा पदावर बहाल होतो. जे देणाऱ्याच्या हाती असते तेच बहाल होते, आणि शर्तभंग झाला की तेच सरकारजमाही होते. माणसाची प्रतिष्ठा या यादीत बसते का, हा प्रश्न त्या वाक्याने माझ्यासमोर उभा केला आणि माझे उत्तर 'नाही' असे आहे. ते का, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

प्रथम त्या कायद्याविषयी. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा वाचताना आजही आश्चर्य वाटते ते त्यातील क्रूरपणापेक्षा त्यातील नीटनेटकेपणाचे. एखादी जमात, टोळी किंवा वर्ग अजामीनपात्र गुन्हे सतत करण्याच्या सवयीचा आहे असे प्रांतिक सरकारला वाटले, तर वरच्या सरकारच्या संमतीने तशी अधिसूचना काढायची. ती एकदा निघाली की कोणत्याही न्यायालयाने तिच्या वैधतेविषयी प्रश्न विचारायचा नाही, कारण ती अधिसूचना हाच निर्णायक पुरावा. म्हणजे आरोप, पुरावा आणि निकाल हे तिन्ही एकाच कागदावर, आणि तो कागद काढणारेही एकच. आधी उत्तर भारतात लागू झालेला हा कायदा १९११ च्या सुधारणेने मुंबई आणि मद्रास इलाख्यांतही आला. बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार त्यात होता, ठरलेल्या वेळी हजेरी देण्याचे बंधन होते, जमातीला एका जागी डांबून ठेवण्याची तरतूद होती, आणि मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळांमध्ये ठेवण्याचीही होती. १९२४ मध्ये हे सारे एकत्र करून नवा कायदा झाला. पाळण्यातले मूल जन्मतः गुन्हेगार ठरावे यासाठी त्याने काही करावे लागत नव्हते, केवळ अमुक घरी जन्म घ्यावा लागत होता.

आमच्या सोलापुरात या कायद्याची खूण अजूनही पत्त्यात जिवंत आहे. तारेच्या कुंपणाच्या आत जी वस्ती होती ती सेटलमेंट, आणि वर्तन चांगले ठरल्यावर ज्यांना कुंपणाबाहेर राहू दिले त्यांची ती 'फ्री कॉलनी'. कुंपणातली माणसे येथील गिरण्यांमध्ये कामाला जात आणि ठरल्या वेळी परत येऊन हजेरी देत. बाहेरगावी जायचे तर पास काढावा लागे. कुंपण जाऊन कित्येक दशके उलटली, तरी 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हा पत्ता आजही पोस्टमन वाचतो. स्वातंत्र्य मिळालेल्यांची वस्ती असे नाव ज्या वस्तीला द्यावे लागते, तिच्या नावातच पूर्वीचे कुंपण उभे असते.

आता मुख्य मुद्दा. सरकारने या माणसांपासून काय काय काढून घेतले, याची यादी लांबलचक होईल. फिरण्याचे स्वातंत्र्य घेतले, धंदा घेतला, रात्रीची झोप घेतली, शेजाऱ्यांचा विश्वास घेतला, मुले घेतली. यातले काही पुढे परत मिळाले, काही नाही. पण प्रतिष्ठा घेतली असे म्हणताना आपण नकळत एक फार मोठी गोष्ट कबूल करून बसतो. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी सरकारने प्रतिष्ठा दिली असेल, तर ३० ऑगस्टला ती माणसे प्रतिष्ठाहीन होती असे मानावे लागेल; आणि ज्याला मुळात प्रतिष्ठाच नाही, त्याला कुंपणात ठेवल्याने कोणता अन्याय होतो? दगडाचा अपमान करता येत नाही. गुरे कोंडवाड्यात घातली तर गुरांच्या मालकाची तक्रार असते, गुरांची नसते. त्या ८१ वर्षांना आपण अन्याय म्हणतो, याचाच अर्थ असा की अधिसूचनेच्या आदल्या दिवशी, अधिसूचनेच्या दिवशी आणि ती रद्द झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या माणसांचे मोल एकच होते. बदलले ते सरकारचे वागणे. १९५२ च्या कायद्यानेही काही 'दिले' नाही. तो निरसनाचा कायदा होता. जुना कायदा मागे घेतला, इतकेच त्याने केले, आणि त्याचे तेवढेच श्रेय त्याला द्यायला हवे.

यात शब्दांचाही थोडा घोटाळा आहे. संविधानाच्या उद्देशिकेच्या मराठी पाठात 'व्यक्तीची प्रतिष्ठा' असे शब्द आहेत. परंतु बोलण्याच्या मराठीत प्रतिष्ठा ही काही जणांकडेच असते: गावात चार-दोन प्रतिष्ठित नागरिक असतात, त्यांना शांतता समितीच्या बैठकीचे बोलावणे येते आणि बाकीचे नुसते नागरिक. शिवाय देवळात मूर्तीची प्राणप्रतिष्ठा होते, म्हणजे आधी ती केवळ पाषाण आणि मंत्रोच्चारानंतर देव. हे दोन्ही अर्थ मनात घेऊन उद्देशिका वाचली की असे वाटू लागते की, प्रतिष्ठा कुणीतरी वरून करायची असते आणि सरकार हा त्याचा पुरोहित. प्रत्यक्षात तेथे प्रतिष्ठेचे आश्वासन बंधुतेच्या पोटात ठेवले आहे. व्यक्तीची प्रतिष्ठा आणि राष्ट्राची एकता व एकात्मता यांचे आश्वासन देणारी ती बंधुता. बंधुता ही कोणत्याही खात्याची योजना होऊ शकत नाही, ती शेजाऱ्याने शेजाऱ्याशी वागण्याची रीत आहे. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बजावले होते की, बंधुतेवाचून समता आणि स्वातंत्र्य ही रंगाच्या हातापेक्षा खोल जाणार नाहीत. उद्देशिकेच्या अखेरीस 'स्वतःप्रत अर्पण करीत आहोत' असे आपण म्हणतो, तेथेही देणारा कुणी तिसरा नाही.

माझ्या या म्हणण्यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हलका नाही. प्रतिष्ठा जन्मजात आहे हे ठीक, पण तारेच्या आत हजेरीला उभ्या असलेल्या माणसाला या तत्त्वज्ञानाचा काय उपयोग? सरकार जे ओरबाडून घेऊ शकते ते सगळे घेतल्यावर उरलेली प्रतिष्ठा ही पोथीतली वांगी नव्हेत का? मी स्वतः या आक्षेपाशी बरीच वर्षे झगडलो आहे, कारण मी स्वतः सरकार होतो. सरकार म्हणजे मुंबईतील मंत्रालय असे लोकांना वाटते. माझ्या अनुभवात सरकार म्हणजे खिडकीपलीकडे बसलेला माणूस. म्हणून एक प्रसंग सांगतो. त्यातील दोष माझाच आहे.

१९९३ चा जून असावा. दहावी-बारावीचे निकाल लागून दाखल्यांसाठी रांग लागलेली होती. आपल्या राज्यात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींच्या माणसाला जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ किंवा त्यापूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. रांगेत एक कैकाडी समाजाचा मुलगा आणि त्याचे आजोबा उभे होते. मुलाच्या वडिलांनी शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते, त्यामुळे शाळा सोडल्याचा दाखला नाही. जमीन नाही, त्यामुळे सातबारा नाही. मी नेहमीच्या सुरात सांगितले की एकसष्टच्या आधीचा कागद आणा. आजोबांनी नातवाच्या हातात पैसे ठेवले आणि त्याला समोरच्या हॉटेलातून चहा आणायला पाठवले. पोरगा जिना उतरून गेल्याची खात्री करून त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, घड्यांवर फाटलेला एक कागद काढला आणि तो उलटा धरून माझ्यापुढे सरकवला. सेटलमेंटचा जुना पास होता. नाव, बापाचे नाव, जात आणि कोपऱ्यात अंगठा.

एवढा सज्जड पुरावा पाहून मला आनंद झाला. ज्या सरकारला यांचे वास्तव्य आता सिद्ध करून हवे होते, त्याच सरकारने एके काळी यांची दिवसाकाठी हजेरी घेतली होती, हा विनोद माझ्या तेव्हा लक्षात आला नाही. मी कागद उजेडाकडे धरला आणि पलीकडच्या टेबलावरील सहकाऱ्याला ऐकू जावे म्हणून त्यावरचा मजकूर मोठ्याने वाचला. 'गुन्हेगार जमात' हे शब्दही वाचले. रांगेतील माणसे वळून पाहू लागली. एका बाईने काखेतली पिशवी पुढे घेतली. आणि दोन्ही हातांत चहाचे पेले घेऊन तो मुलगा दारात उभा होता.

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी हात पुढे करून कागद परत घेतला, जुन्याच घड्यांवर घडी घातली आणि म्हणाले, "वाचायचा हुता तर हळू वाचायचा, सायेब."

तो कायदा रद्द होऊन तेव्हा ४१ वर्षे झाली होती. त्या दिवशी त्यांना जे सोसावे लागले ते कोणत्याही कलमाने केलेले नव्हते, माझ्या घशाने केले होते. दाखला मी त्याच आठवड्यात दिला, तो कायद्याप्रमाणे मिळायलाच हवा होता. पण त्यामुळे त्यांना प्रतिष्ठा मिळाली असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. ती त्यांच्यापाशी आधीपासून होती, नाहीतर त्यांनी नातवाला चहाला पाठवले नसते. ज्या माणसाला सरकारने गुन्हेगार म्हणून मोजले, ठसे घेतले, कुंपणात ठेवले, तो पन्नास वर्षांनंतरही आपल्या नातवाच्या डोळ्यांसमोर तो कागद येऊ नये म्हणून धडपडत होता. माझ्यापुरते वरच्या आक्षेपाचे उत्तर तेवढेच आहे. सरकारचा हात तेथवर पोचला नव्हता. त्याच्या सभोवतीचे सगळे मात्र सरकारने उद्ध्वस्त केले होते, आणि म्हणूनच सरकारची जबाबदारी कमी होत नाही. ती उलट वाढते, कारण मग सरकार दाता उरत नाही, ते देणेकरी ठरते. देणगी दिली की आभाराची अपेक्षा ठेवता येते आणि फाइल बंद करता येते. देणे फेडले तर कुणी आभार मानत नाही, आणि फेडले नाही तर व्याज चढते.

हा भेद केवळ शब्दांचा कीस आहे असे ज्यांना वाटेल, त्यांनी आणीबाणीत विनाचौकशी डांबलेल्यांना न्यायालयात दाद मागता येते का, या प्रश्नावरचा जबलपूर खटला आठवावा. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क संविधानाच्या २१ व्या कलमाने दिला आहे आणि त्या कलमासाठी दाद मागण्याचा हक्क स्थगित असल्याने न्यायालयाचा दरवाजा बंद आहे, असा युक्तिवाद सरकारने केला. पोलिसाने वैरापोटी एखाद्याचा जीव घेतला तरी काही उपाय नाही का, असे न्यायमूर्ती खन्ना यांनी विचारले, तेव्हा आणीबाणी असेपर्यंत नाही असेच उत्तर महान्यायवादींना द्यावे लागले. हक्क सरकारने दिलेला आहे असे एकदा मान्य केले की हे उत्तर तर्काला धरूनच येते, त्यात काही चूक काढता येत नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारची बाजू उचलून धरली. एकटे खन्ना म्हणाले की, ते कलम नसते तरीही कायद्याच्या आधारावाचून कुणाचे जीवित वा स्वातंत्र्य हिरावण्याचा अधिकार राज्याला नाही. त्या चौघांत आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल चुकीचा ठरवला, त्या वेळी मुख्य निकालपत्र लिहिणारे त्यांचेच चिरंजीव धनंजय होते. हे हक्क म्हणजे राज्याने केलेली मेहेरबानी नव्हे आणि ते संविधानानेही निर्माण केलेले नाहीत, माणसाच्या असण्याबरोबरच ते येतात, असा त्या निकालपत्राचा आशय आहे. घरातली चूक घरातल्याने दुरुस्त करावी, असा योग क्वचितच येतो.

धनंजय चंद्रचूड यांच्याच अध्यक्षतेखालील पीठाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंगांच्या नियमावल्यांविषयी दिलेला निकाल तर थेट आपल्या विषयावरचा आहे. स्वयंपाकाला कोणत्या जातीचा कैदी आणि झाडलोटीला कोणत्या जातीचा, हे ठरवणारे नियम अनेक राज्यांच्या नियमावल्यांत तोवर शाबूत होते. पश्चिम बंगालच्या नियमावलीत रात्रीच्या पहाऱ्यासाठी कैदी निवडताना तो पळून जाण्याची नैसर्गिक प्रवृत्ती असलेल्या वर्गातला, उदाहरणार्थ भटक्या जमातींतला, नसावा असे म्हटले होते. कायदा रद्द झाल्यावर ७२ वर्षांनीही नैसर्गिक प्रवृत्ती हा शब्द सरकारी पुस्तकात मुक्कामाला होता! न्यायालयाने हे नियम घटनाबाह्य ठरवले, नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढायला सांगितला आणि 'सराईत गुन्हेगार' या नावाखाली विमुक्त जमातींना सरसकट ओढण्यालाही मनाई केली. आपल्या राज्यातला सराईत गुन्हेगारांविषयीचा १९५९ चा कायदा कागदावर व्यक्तीपुरता आहे, जमातीला लागू नाही, हे मान्य करायला हवे. परंतु ठाण्यातल्या शिपायाला कोणाच्या दारावर आधी थाप मारायची हे कोणता कायदा शिकवतो, ते पालावरच्या बायकांना विचारावे.

तृतीयपंथीयांचा विषय स्वतंत्र पत्राचा आहे, म्हणून येथे एवढेच नोंदवतो की, १८७१ च्या त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागात त्यांचीही नोंदवही ठेवण्याची तरतूद होती. आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा त्यांचा हक्क मान्य केल्यानंतरही २०१९ च्या कायद्याने त्यावर जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राची मोहोर आणलीच. मोहोर मारण्याची सवय सुटत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो.

आपल्याकडे याच्या उलट वागणारा राज्यकर्ता होऊन गेला आहे. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये करवीर संस्थानातील हजेरीची पद्धत बंद केली आणि ज्या फासेपारध्यांना इतरत्र चोर म्हणून हाकलले जात होते, त्यांना पहाऱ्याच्या कामावर ठेवले. महाराजांनी त्यांना माणुसकी दिली असे आपण भाषणांतून म्हणतो. मला वाटते, त्यांनी त्याहून अवघड गोष्ट केली. जे त्या माणसांत होते ते ओळखले, आणि आपल्या दाराची राखण त्यांच्या हाती सोपवली.

आजच्या सरकारकडून विमुक्तांना यायचे असलेले देणे बरेच आहे. विमुक्त-भटक्यांसाठी केंद्राने नेमलेल्या रेणके आयोगाचा अहवाल २००८ चा, इदाते आयोगाचा त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी आलेला. त्यांतील कोणती शिफारस कुठवर आली याचा ताळेबंद आपल्या वार्ताहरांनी मांडला तर वाचकांवर उपकार होतील. एकसष्टच्या पुराव्याची अट तर मला तेव्हाही कळली नाही आणि आजही कळत नाही. ज्यांना आपण 'भटके' या नावानेच सवलत देतो, त्यांच्याकडेच एका विशिष्ट दिवशी एका विशिष्ट ठिकाणी राहत असल्याचा कागद मागतो.

आणि शेवटी, संपादक महोदय, एक विनंती आपल्यालाही आहे. ज्या अंकात विमुक्त दिनाचा लेख होता, त्याच अंकाच्या जिल्हा पानावर एका घरफोडीची बातमी होती आणि तिच्या मथळ्यात संशयितांच्या जमातीचे नाव ठळक टाइपात छापले होते. इतर जातींतील संशयितांची जात आपण मथळ्यात देत नाही. ती बातमी पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकातून जशीच्या तशी आली असेल, हे मी समजू शकतो. पण प्रसिद्धिपत्रकातले सगळेच मोठ्याने वाचावे असे नसते. यापुढे तेवढा शब्द मथळ्यातून आणि बातमीतूनही गाळावा, ही विनंती.

आपला,
एक सेवानिवृत्त अव्वल कारकून,
सोलापूर